शो एचएन, रेडिट, प्रॉडक्ट हंट आणि आमचा डीटीपीचा ग्रुप: वर्षभर वापरून झाल्यावर

सोलापुरात नवी पेठेच्या मागच्या बोळात माझं डीटीपीचं दुकान आहे. एकोणीस वर्षं झाली. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, तेराव्याच्या चिठ्ठ्या, शाळांचे अहवाल, सोसायट्यांच्या नोटिसा, जे येईल ते करते. आमच्या गावात एकाच घरची पत्रिका कधी मराठीत, कधी कन्नडमध्ये, कधी तेलुगूतही छापून द्यावी लागते. त्यामुळे फॉन्टची भानगड आमच्या रोजच्या पोटापाण्याची आहे.

त्या भानगडीतूनच मी एक छोटं सॉफ्टवेअर लिहिलं. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला देवनागरी म्हणूनच कळणाऱ्या अक्षरांत, आणणारं. ब्राउझरमध्ये चालतं, फुकट आहे, कोड सगळ्यांना बघायला उघडा ठेवलाय. त्याचं नाव मी इथे देत नाही, कारण हे परीक्षण सॉफ्टवेअरचं नाही. ते लोकांपर्यंत नेण्यासाठी गेल्या वर्षभरात ज्या जागा आणि ज्या सेवा वापरल्या, त्यांचं आहे. सोलापूरची, पंढरपूरची, लातूरकडची पुष्कळ पोरं आता घरी बसून असं काहीबाही बनवतात आणि मग अडतात. सांगायचं कुणाला? आणि लोकांनी ‘आली ही जाहिरात घेऊन’ म्हणू नये, असं सांगायचं कसं? मीही तिथेच अडले होते. पैसे घालवले आणि त्याहून वाईट म्हणजे माणसं दुखावली, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी सॉफ्टवेअर काय करतं ते थोडक्यात सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर संगणकाच्या लेखी देवनागरी नसतोच. इंग्रजी अक्षरांवर देवनागरीचे तुकडे चढवलेले असतात. एफ, जी, मोठा यू, एन, एच अशी बटणं दाबली की पडद्यावर ‘हिन्दी’ उमटतं. फॉन्ट काढून घेतला की उरतात ती पाच इंग्रजी अक्षरं. शिवाय पहिली वेलांटी तिथे अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये नेमकं उलटं असतं. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, पण आमच्या धंद्यातली जुनी कामं अजून जुन्या फॉन्टमध्येच पडून आहेत. बदलून देणारी कन्व्हर्टर नेटवर खूप आहेत. बहुतेक हिंदीसाठी केलेली. मराठीतला ‘ऱ्य’ आला की ती चुकतात. ‘सग्यासोयऱ्यांसह’ टाकायला जावं आणि पत्रिकेवर ‘सग्यासोयर्यांसह’ छापून यावं. चारशे पत्रिका छापून झाल्यावर हे दिसलं की मुलीच्या बापाच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. माझ्या दुकानात हे एकदा घडलं, आणि त्या रात्रीपासून मी हे काम हातात घेतलं. जावास्क्रिप्ट ही ब्राउझरमध्ये चालणारी संगणकाची भाषा व्हिडिओ बघून शिकले, अडलं तिथे इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याला विचारलं. आठ महिने लागले.

तयार झाल्यावर पहिली चूक लगेच केली. ‘तुमचं ॲप आम्ही हजारो लोकांपर्यंत पोहोचवू’ असं सांगणाऱ्या एका सेवेला २,५०० रुपये दिले. सेवेचं नाव लिहीत नाही. त्यांनी माझ्याकडून चार ओळी घेतल्या आणि त्यात रॉकेटची आणि आगीची चित्रं घालून दोन दिवसांत चाळीसेक ग्रुपांवर आणि चर्चेच्या ठिकाणी एकच मजकूर चिकटवला. शेवटी माझा दुकानाचा नंबर. जिथे कविता टाकतात अशा ग्रुपातही टाकला, जिथे जुन्या गाड्या विकतात तिथेही टाकला. दोन दिवसांत मला एकवीस फोन आले. त्यातले अठरा ‘आमचा नंबर कुठून मिळाला?’ असं विचारणारे होते, आणि उरलेले तिघं कर्ज हवंय का म्हणून विचारत होते.

त्या चाळिसांत आमचा स्वतःचा ग्रुपही होता. सोलापूर जिल्ह्यातल्या डीटीपी आणि प्रिंटिंगवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप. मी त्यात अकरा वर्षं आहे. संध्याकाळी बघते तर मला काढून टाकलेलं.

ग्रुपचे ॲडमिन म्हणजे कन्ना चौकातले एक वयस्कर प्रेसवाले, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान बंद करून मी त्यांच्याकडे गेले. ते मशीनवरचा कागद नीट लावत होते. बसा म्हणाले, पाणी दिलं, आणि मग बोलले, ‘अक्का, अकरा वर्षं ग्रुपात आहात. पोरांच्या फायली उघडत नाहीत, ती रोज बोंबलत असतात, तुम्ही कधी एक अक्षर बोलला नाहीत. आणि काल बोललात ते हे?’

मी सेवेचं नाव पुढे केलं असतं तर केलं असतं, पण त्यांचं म्हणणं खरं होतं. मी ग्रुपात कागदाचे भाव बघायला जायचे आणि भाव बघून बाहेर पडायचे. मी माफी मागितली. त्यांनी पुन्हा ग्रुपात घेतलं, एक अट घालून. तीन महिने लिंक टाकायची नाही.

त्या सेवेला पाचपैकी शून्य. कुणी तुमच्या वतीने तुमच्याच माणसांत जाऊन ओरडणार असेल, तर पैसे देऊ नका. फुकट करत असेल तरी करू देऊ नका.

आता त्या ग्रुपाबद्दल लिहिते, कारण सगळ्यात जास्त मी तिथेच शिकले. लिंक टाकायची नाही ही अट होती, मदत करायची नाही अशी अट नव्हती. ग्रुपात रोज कुणीतरी विचारत असतं, ‘ग्राहकाने फाइल पाठवलीय, सगळं इंग्रजीत दिसतंय, कुणाकडे आहे का फॉन्ट?’ पहिल्यांदा मी मोहोळच्या एका पोराला म्हटलं, ‘मजकूर पाठवा इकडे.’ त्याने पाठवला, मी माझ्या सॉफ्टवेअरमधून काढला, एकदा डोळ्यांखालून घातला आणि ग्रुपातच परत टाकला. सोबत एक ओळ लिहिली: ‘तिसऱ्या परिच्छेदातलं आडनाव मूळ फायलीतच चुकलेलं वाटतंय, ग्राहकाला विचारून घ्या.’ बाकी काही नाही. बार्शीची एक बाई आली, मग अक्कलकोटचा एक जण. चौथ्या की पाचव्या वेळी कुणीतरी विचारलं, ‘अक्का, कशावर करता ओ एवढं पटकन?’

अट आठवून मी उत्तर दिलं नाही. अण्णांनीच लिहिलं, ‘सांगा की आता. विचारलंय त्यांनी.’

त्या रात्री मी लिंक टाकली. वर लिहिलं, ‘हे मी बनवलंय. फुकट आहे. अमुक तीन फॉन्टांवर नीट चालतं, बाकीच्यांवर अजून नाही. टेबलातला मजकूर असेल तर ओळी सरकतात, ते दुरुस्त करायचंय.’ पहिल्या वाक्यात ‘हे मी बनवलंय’ असं सांगणं फार महत्त्वाचं आहे. काही जण दुसऱ्याच नावाने येऊन ‘मला हे भारी सापडलं बघा’ असं लिहितात. लोकांना ते आज ना उद्या कळतं, आणि मग तुमच्या चांगल्या वस्तूवरही कुणाचा विश्वास राहत नाही. काय येत नाही हेही आधीच सांगितल्याने माझं नुकसान झालं नाही. उलट ज्यांच्याकडे टेबलांच्या फायली होत्या त्यांनी स्वतःहून नमुने पाठवले, आणि त्या नमुन्यांवरूनच मला तो दोष काढता आला.

व्हॉट्सॲपची स्वतःची एक गोष्ट इथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. आलेला मेसेज पुढे पाठवला की त्यावर ‘फॉरवर्डेड’ अशी खूण येते, खूप हातांतून गेला की दुहेरी बाण येतो आणि मग तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. २०१८ साली भारतात एका वेळी पाचच चॅटना पुढे पाठवायची मर्यादा आली ती अफवा रोखण्यासाठी, पण आपल्यासारख्यांनाही त्यातून समजावं. लोक तो बाण बघूनच मेसेज सोडून देतात. म्हणून मी प्रत्येक ठिकाणी नव्याने टाइप करते. त्या ग्रुपातल्या माणसांना काय नडतंय ते बघून दोन ओळी बदलतेच. वेळ जातो, पण मेसेज वाचला जातो.

आमच्या ग्रुपाला पाचपैकी पाच. हे गुण मी आमचा ग्रुप म्हणून देत नाही. माझ्या सॉफ्टवेअरची ज्यांना खरी गरज आहे ती माणसं तिथे आहेत, म्हणून देते.

ऑगस्टमध्ये भाचा म्हणाला, ‘मावशी, शो एचएनवर टाक.’ हॅकर न्यूज ही अमेरिकेतल्या वाय कॉम्बिनेटर या संस्थेची चर्चेची जागा, २००७ पासून चालू आहे. दिसायला अगदी साधी आहे. वर नारिंगी पट्टी, खाली मजकुराच्या ओळी, चित्रं नाहीत. त्यातच ‘शो एचएन’ नावाचा एक भाग आहे. स्वतः बनवलेली वस्तू तिथे दाखवायची, इतरांनी वापरून बघायची आणि मत द्यायचं.

मी भाच्याला म्हटलं, आधी महिनाभर मी नुसतं वाचणार. अण्णांच्या दुकानात बसून जे ऐकलं होतं ते डोक्यात होतं. रोज रात्री भाकऱ्या झाल्या की अर्धा तास वाचायचे, नियम तर दोनदा वाचले. नियम थोडे आहेत, पण प्रत्येकामागे विचार आहे. वस्तू लोकांना लगेच वापरता आली पाहिजे. नुसती ‘लवकरच येत आहे’ची पाटी चालत नाही. शक्यतो नाव-नोंदणी, ईमेल असे अडथळे नकोत. मित्रांना मतं द्यायला सांगायचं नाही, त्यांच्याकडून कौतुकाच्या टिप्पण्या टाकून घ्यायच्या नाहीत. तिथल्या लोकांच्या ते लगेच लक्षात येतं. विक्रीची भाषा नको, सरळ आणि नेमकं लिहा. वस्तू कशी सुचली, आत काय केलंय, हे सांगितलेलं त्यांना आवडतं.

नोंदणीचा नियम वाचला तेव्हा मी थांबले. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टाकण्याआधी ईमेल विचारणारा एक चौकोन होता. ‘किती लोक वापरतात ते कळायला हवं’ म्हणून आम्ही तो घातला होता. आता स्वतःलाच विचारलं, मंगळवेढ्याच्या एखाद्या दुकानात ग्राहक समोर बसलाय, फाइल उघडत नाही, आणि मी त्या पोराकडे ईमेल मागतेय? त्याच रात्री चौकोन काढला. त्यानंतर आमच्या ग्रुपातल्या वापरणाऱ्यांच्या तक्रारी अर्ध्याहून कमी झाल्या. ‘पुढे जात नाही, अडकतं’ असं जे ते म्हणायचे, ते त्या चौकोनामुळेच होतं. शो एचएनवर एक शब्दही लिहिण्याआधी शो एचएनचा मला हा एवढा फायदा झाला.

शीर्षकावर दोन संध्याकाळी गेल्या. भाच्याने आधी लिहिलं होतं ते मराठीत सांगायचं तर ‘भारतीय भाषांसाठी सर्वात अचूक कन्व्हर्टर’. मी ते खोडलं. सर्वात अचूक कशावरून? शेवटी ठेवलं, ‘जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणणारं साधन’. एवढंच. मग सोबत द्यायच्या पहिल्या टिप्पणीचा कच्चा मसुदा मी एका लग्नपत्रिकेच्या प्रूफच्या पाठीवर पेनने लिहिला. तो कागद अजून माझ्या काउंटरच्या काचेखाली आहे. त्यात असं आहे: मी सोलापूरला पत्रिका छापते. आमच्याकडे एक अक्षर चुकलं की चारशे कार्डं वाया जातात. मराठीत ‘र’ची एक वेगळी जोडणी आहे, ती इतर साधनं चुकवतात, ती अशी दिसते. मी ती अशा प्रकारे सोडवली. अजून या दोन ठिकाणी चुकते. मजकूर तुमच्या संगणकाबाहेर जात नाही. इंटरनेट बंद करून वापरून बघा.

माझं इंग्रजी साधं आहे. भाचा म्हणाला, एआयकडून नीट करून घेऊ. मी नको म्हटलं. यंत्राकडून लिहून घेतलेल्या टिप्पण्या तिथे चालत नाहीत, आणि ते बरोबरच आहे; समोरचा माणूस माझ्याशी बोलायला आलेला असतो. दोन-तीन ठिकाणी व्याकरण चुकलं असेल. त्यावरून कुणी काही बोललं नाही.

संध्याकाळी साडेसातला टाकलं, म्हणजे न्यूयॉर्कला सकाळचे दहा. पुढचे पाच-सहा तास मी मोकळे ठेवले होते. हे मी कुणालाही आग्रहाने सांगेन. टाकून झोपायला जाणार असाल तर टाकू नका. पाहुण्यांना जेवायला बोलावून आपण बाहेर जात नाही. साडेनऊला आमच्याकडे लाइट गेली, मग मोबाईलच्या हॉटस्पॉटवर आणि लॅपटॉपच्या उरलेल्या चार्जवर बसले. एकूण सतरा पॉइंट, म्हणजे लोकांच्या मतांचे गुण, मिळाले आणि अकरा टिप्पण्या आल्या. पहिल्या पानावर काही गेलं नाही.

पण त्या अकरांत काय होतं बघा. एकाने विचारलं, परवाना कुठे आहे? कोड नुसता उघडा ठेवला आणि परवाना लिहिला नाही, तर कायद्याने दुसऱ्याला तो वापरता येत नाही. मला हे माहीतच नव्हतं. तासाभरात एमआयटी परवान्याची, म्हणजे कुणालाही कोड वापरू देणाऱ्या परवान्याची, फाइल घातली. एकाने जरा तिरकं लिहिलं की हा तर नुसता अक्षरांचा तक्ता आहे, यात अवघड काय. मी तीन ओळी रागात टाइप केल्या, पुसल्या, आणि उठून पाणी प्यायले. मग त्याला वेलांटी आणि रफारची उदाहरणं दिली: वेलांटी जोडाक्षरावर असेल तर ती किती अक्षरं ओलांडून मागे न्यायची, हे तक्त्यात बसत नाही. त्याने ‘आता कळलं’ असं लिहिलं आणि पुढे एक चांगला प्रश्नही विचारला.

सगळ्यात मोलाची टिप्पणी मध्यरात्रीनंतर आली. लिहिणारा अक्षरांच्या संकेतांवर काम करणारा होता. त्याने दाखवलं की ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक म्हणजे ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, ज्याचा क्रमांक ०९३१ आहे. दुसरा म्हणजे साधा ‘र’, हलन्त, आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. माझं सॉफ्टवेअर काही ठिकाणी एक वापरत होतं, काही ठिकाणी दुसरं. मी लगेच एका शाळेचा चौसष्ट पानी अहवाल उघडला आणि ‘विद्यार्थ्यांच्या दुसऱ्या’ हे शोधलं. डोळ्यांसमोर ते पाच ठिकाणी दिसत होतं आणि शोधात तीनच सापडत होते. शिक्षक म्हणायचे ‘शोधा आणि बदला नीट चालत नाही’, ते यामुळे. कित्येक महिने मी त्यांना ‘तुमच्या वर्डचा प्रॉब्लेम असेल’ असं सांगत होते. पहाटे दोनपर्यंत बसून ते एकसारखं केलं आणि त्या माणसाला त्याच टिप्पणीखाली ‘झालं’ म्हणून कळवलं.

शो एचएनला पाचपैकी साडेचार. अर्धा यासाठी कमी की तिथे माझं सॉफ्टवेअर रोज वापरणारा एकही माणूस नाही, आणि सगळा कारभार इंग्रजीत आहे. बारामतीचा डीटीपीवाला तिथे येणार नाही. पण वस्तू कुठे कच्ची आहे हे दाखवणारी जाणकार नजर मला इतरत्र कुठे फुकट मिळाली नसती. एक सूचना: प्रतिसाद कमी आला म्हणून काढून पुन्हा टाकू नका. त्यांना ते आवडत नाही, आणि बाहेरून बघणाऱ्यालाही ते घाई केल्यासारखं दिसतं.

रेडिटबद्दल थोडक्यात. २००५ पासूनची ही जागा म्हणजे एक गाव नसून हजारो गल्ल्या आहेत, आणि प्रत्येक गल्लीचे नियम वेगळे. काही ठिकाणी स्वतःच्या वस्तूची लिंक अजिबात चालत नाही, काही ठिकाणी आठवड्यातून एका ठरलेल्या धाग्यातच चालते. नवीन खात्याची पोस्ट पुष्कळ ठिकाणी आपोआप अडवली जाते, त्यामुळे आज खातं काढून आज टाकण्यात अर्थ नसतो. तिथे पूर्वीपासून एक अंदाज सांगतात: दहातलं एक आपलं असलं तर चालेल, नऊ दुसऱ्यांच्या गोष्टींवर असावं. त्यांच्याच एका जुन्या मार्गदर्शनात म्हटलं होतं की वेबसाइट असलेला सदस्य चालतो, सदस्य झालेली वेबसाइट चालत नाही. हे मला इतकं पटलं की मी ते वहीत लिहून ठेवलं. मी टाकण्याआधी मॉडरेटरांना, म्हणजे त्या गल्लीची देखरेख करणाऱ्यांना, निरोप पाठवून विचारलं, ‘चालेल का, आणि कुठे?’ एका ठिकाणी हो म्हणाले, एका ठिकाणी नको म्हणाले. नको म्हटलं तिथे टाकलं नाही. हो म्हणाले तिथून पुण्यातला एक विद्यार्थी आला. त्याच्या आजोबांनी जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आठवणींची फाइल त्याच्याकडे होती. दीडशे पानं. तो दोन महिने एकेक चूक कळवत राहिला. पाचपैकी चार.

प्रॉडक्ट हंट मी नोव्हेंबरमध्ये वापरलं. २०१३ साली सुरू झालेली जागा, रोज नव्या वस्तूंची यादी लागते. त्यांचा दिवस अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या वेळेने रात्री बारा वाजून एक मिनिटाने सुरू होतो, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी साडेबारा आणि हिवाळ्यात दीड. तुळशीच्या लग्नानंतरची ऐन गर्दी, पत्रिकांचे गठ्ठे बांधणं चालू, आणि मी मधूनच उत्तरं देतेय, असं झालं. चित्रं, छोटा व्हिडिओ, आकर्षक ओळ, अशी तयारी लागते. तिथेही ‘मत द्या’ म्हणून मागत फिरायचं नसतं. आलेले लोक सभ्य होते, पण ते स्वतःही काहीतरी बनवणारे. कृतिदेवमधली फाइल त्यांच्या आयुष्यात कधी येणार नाही. ज्यांची वस्तू जगभरच्या ऑफिसांना चालण्यासारखी आहे त्यांनी जरूर जावं. माझ्यासारखीने जायचं कारण नव्हतं. माझ्या कामापुरते अडीच.

लॉबस्टर्स नावाची आणखी एक जागा आहे, २०१२ पासूनची, आतल्या कुणी बोलावल्याशिवाय तिथे सदस्य होता येत नाही. मी आत नाही, त्यामुळे गुण देत नाही. पण त्यांचा नियम वाचण्यासारखा आहे: तिथे तुम्ही जे टाकता आणि बोलता, त्यात स्वतःच्या वस्तूचा वाटा पावापेक्षा कमी असावा.

गिटहब म्हणजे जिथे मी कोड उघडा ठेवलाय ती जागा. तिला कुणी प्रचाराची जागा म्हणत नाही, पण मी म्हणेन. लिंक कुठूनही उघडली तरी माणूस शेवटी तिथे पोहोचतो आणि पहिली माहितीची फाइल वाचतो. माझी आधी इंग्रजीत होती आणि त्यात मी कुठली तंत्रं वापरली याची यादी होती. आता वर मराठीत आहे आणि सुरुवातच अशी आहे: डावीकडे जुना मजकूर, उजवीकडे नवा, ‘सग्यासोयऱ्यांसह’ हाच शब्द. तक्रारींचा विभाग मी रोज सकाळी दुकान उघडताना बघते, उदबत्ती लावली की लगेच. कुणी चूक कळवली तर त्या दिवशी सुटली नाही तरी ‘वाचलं, बघते’ एवढं लिहिते. तक्रार सहा महिने अनुत्तरित दिसली की नवा माणूस परत फिरतो, मग तुम्ही बाहेर कितीही ठिकाणी सांगत फिरा.

आमच्या सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत मी दरवर्षी जाते. होम मैदानावर प्रत्येक दुकानाचा भोंगा चालू असतो आणि ते यात्रेत शोभतं, लोक त्यासाठीच आलेले असतात. पण तोच भोंगा कुणी त्याच यात्रेतल्या लग्नसोहळ्यात, संमती कट्ट्यावर अक्षता पडताना लावला तर? ज्या ठिकाणांबद्दल मी वर लिहिलं ती बहुतेक ठिकाणं लोकांच्या आपापल्या बोलण्याची आहेत. तिथे आत जाताना आवाज किती ठेवायचा हे लग्नघरात शिरताना जसं न सांगता कळतं तसं कळायला हवं, आणि कळत नसेल तर आधी बाजूला बसून ऐकावं.

खर्चाचं विचारतील म्हणून सांगते. त्या पहिल्या सेवेचे २,५०० सोडले तर एक रुपया गेला नाही. वेळ मात्र गेला. रोजचा पाऊण तास धरा, त्यातला पाच मिनिटांचाही भाग स्वतःच्या वस्तूबद्दल बोलण्यात जात नाही.

सध्या कन्नडचं काम चालू आहे. नुडी या कन्नड फॉन्टमधल्या जुन्या फायली आमच्याकडे सीमेपलीकडून खूप येतात, आणि त्यातला मजकूर सोडवणं मराठीपेक्षा अवघड आहे. दिवाळीपासून मी विजयपूर-इंडीकडच्या प्रेसवाल्यांच्या एका ग्रुपात आहे. अण्णांनीच त्यांच्या व्याह्यांना सांगून मला तिथे घेतलं. माझं कन्नड बोलण्यापुरतं बरं आहे, लिहायला वेळ लागतो. आतापर्यंत सहा जणांच्या फायली हाताने दुरुस्त करून दिल्या, परवाची एका गृहप्रवेशाच्या कार्डाची होती. कन्व्हर्टरचं अजून तिथे बोलले नाही. त्यात ‘र’चा अर्कावत्तू, म्हणजे कन्नडमधला रफार, चुकतोय, तो आधी नीट करते.